घोड्यांचा ट्रेलर आणि उंच गाडी: ट्रेलर उचलायचा की बॉल खाली आणायचा?

अहमदपूरकडच्या एका घोडेमालकांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे दोन घोड्यांचा, दोन ॲक्सलचा, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला ट्रेलर आहे. आधी तो जुन्या जीपमागे चालायचा. आता त्यांनी फोर बाय फोर पिकअप घेतली, तिला दोन इंचांची लिफ्ट आणि मोठे टायर बसवले. रिकाम्या गाडीमागचा बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा, त्याचा माथा जमिनीपासून २५ इंचांवर येतो. ट्रेलर सपाट उभा केला की कप्लर, म्हणजे त्या गोळ्यावर बसणारी ट्रेलरची खोबण, १९ इंचांवर असतो. जोडल्यावर ट्रेलरचं नाक वर आणि शेपूट खाली जातं, स्पीडब्रेकरला मागची, घोडे चढायची फळी घासते आणि एक घोडी सगळा रस्ता मागे रेलून उभी असते. गावातल्या वर्कशॉपवाल्याने पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये सहा इंचांचे गुटके टाकून ट्रेलर उचलून द्यायची तयारी दाखवली आहे. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला दोन घोडे न्यायचे आहेत. गुटके टाकावेत का?

भाऊ, टाकू नका. सहा इंचांचे तर नाहीच. ट्रेलर होता तेवढाच आहे, उंची वाढली ती गाडीची. मग जे खालीवर करायचं ते आधी गाडीच्या बाजूला, हिचमध्ये (बॉल धरणाऱ्या मागच्या जोडणीत) करायचं. तिथे भागलं नाही तरच ट्रेलरला हात लावायचा, आणि तोही उरलेल्या इंच-दीड इंचापुरता. मी लातूरला ट्रॉल्या आणि ट्रेलर बांधायचं, दुरुस्त करायचं काम करतो. गुटके टाकून देणं आम्हाला सोपं पडतं, अर्ध्या दिवसाचं काम आणि लगेच पैसे. म्हणूनच ते आधी सुचवलं जातं.

आता हे असं का, ते सांगतो.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला उलाळ गाडी माहीत असते. भार मागे पडला की जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं आणि उतारावर गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. नाक वर करून चालणारा ट्रेलर तसाच उलाळ होतो. घोडे उभे असतात, त्यांचा भार उंचावर असतो, त्यामुळे ट्रेलर जरासा मागे कलला तरी भाराचा मध्य मागे सरकतो. तुमच्यासारख्या ट्रेलरमध्ये बॉलवरचा दाब यात अंदाजे पंधरा-वीस किलोंनी कमी होईल. आकडा एकटा पाहिला तर भ्यायचं कारण नाही. पण आपल्याकडे बांधलेल्या बऱ्याच ट्रेलरांना नाकावर मुळातच दाब कमी दिलेला असतो, कारण मालकाला तो हाताने उचलून हुकाला लावायचा असतो. त्यातून आणखी वीस किलो गेले की बाजूने लक्झरी बस सुसाट गेल्यावर शेपूट झुलायला लागतं.

दाब किती हवा? पूर्ण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. मारवाडी घोडा साडेतीनशे ते साडेचारशे किलोंचा धरला, तर दोन घोडे आठशे, ट्रेलर हजारभर, म्हणजे अठराशे किलो. त्याचे १८० किलो नाकावर. मात्र कप्लरवर ठोकलेली पट्टी आधी वाचा. युरोपी बनावटीच्या कप्लरवर ‘एस’ अक्षरापुढे जो आकडा असतो, तेवढाच उभा दाब तो सोसतो. बऱ्याच कप्लरांवर तो १०० किंवा १५० असतो. अशा वेळी दहा टक्क्यांचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि पट्टीवरच्या आकड्याच्या आत, पण त्याच्या शक्य तितकं जवळ राहायचं. युरोपात चार ते सात टक्क्यांवर ट्रेलर चालवतात, फक्त तिथे वेग आवरलेला असतो आणि ट्रेलरला ब्रेक असतात.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये आणखी एक गोष्ट येते. तुमचे पाटे आहेत आणि पुढच्या-मागच्या पाट्यांच्या मध्ये झोका खाणारा इक्वलायझर असेल, तर दोन्ही ॲक्सलवर भार बऱ्यापैकी सारखा वाटला जातो. रबर टॉर्शन ॲक्सल असता तर चित्र वाईट होतं. त्यात प्रत्येक ॲक्सल स्वतंत्र असतो, नाक वर गेलं की पुढचा ॲक्सल हलका होतो आणि मागच्यावर सगळं ओझं येतं. मग मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, तापलेल्या डांबरावर मागचा टायर फुटला की लोक टायरला नावं ठेवतात.

पण माझ्या दृष्टीने हे सगळं दुय्यम आहे. सपाटी पाहायची ती घोड्यासाठी.

घोडा स्थिर उभा असताना त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त, साठ टक्क्यांपर्यंत भाग पुढच्या पायांवर असतो. त्याची मान आणि डोकं पुढे, म्हणून. ट्रेलरचा तळ मागे कलला की तो भार मागच्या पायांवर ढकलला जातो. थोडा वेळ तो निभावून नेतो. तासाभरात मागच्या मांड्यांचे स्नायू ताठरतात, मग तो मागच्या आडव्या दांड्यावर पुठ्ठे टेकवतो. तुमची घोडी रेलते ती खोडीने नाही, तिला दुसरा इलाज नाही. प्रत्येक ब्रेकला तिचा भार पुढे जाणार, गिअर टाकला की मागे, आणि सपाट तळावर जिथे अर्धं पाऊल सरकवून भागतं तिथे कललेल्या तळावर तिला चारही पाय आवळून धरावे लागतात.

हे घोडा बोलून दाखवत नाही, पण ट्रेलर उतरवल्यावर दिसतं. शेपटीच्या मुळाशी केस घासून गेलेले, मागच्या दांड्यावरचा रेक्झिन एकाच जागी चकचकीत झालेला, रबर मॅट मागे सरकून फळीशी गोळा झालेली, मागच्या पायांच्या मधोमध घामाचे पट्टे आणि बाकी अंग कोरडं. ही लक्षणं दिसली तर टेप न काढता सांगता येतं की नाक वर आहे. उलट छातीचा दांडा घासलेला, मॅट पुढे गेलेली आणि घोडा उतरताना पुढच्या पायांनी अडखळत असेल तर नाक फार खाली आहे. तुमच्या मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसाला, हे बघायला सांगा. खरारा करताना त्याचा हात रोज त्याच जागांवरून फिरतो.

हो, आणि एकच घोडा न्यायचा असेल तर तो उजव्या कप्प्यात घाला. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे भार उंच बाजूला राहिलेला बरा.

आता मोजणी. इथेच निम्मे लोक फसतात, कारण मोजतात रिकामं आणि चालवतात भरलेलं.

पहिली अडचण सपाट जागेची. वर्कशॉपसमोरचं अंगण, पेट्रोल पंपाचा फरशीचा भाग, हे सगळं पाणी वाहून जावं म्हणून उतार देऊन केलेलं असतं. आपल्या भागात त्यावर सोपा तोडगा आहे, तो म्हणजे वजनकाटा. साखर कारखाना, डाळ मिल, सोयाबीनची आडत, कुठेही जा. काट्याचा प्लॅटफॉर्म सपाट असतो आणि गर्दी नसताना पावतीचे पैसे दिले की कुणी हटकत नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून मावतील असा मोठा ट्रकचा काटा बघा. ऊस-सोयाबीनच्या हंगामात मात्र भल्या पहाटे जा. तरी खात्री हवी असेल तर गवंड्याकडून पाण्याची लेव्हल ट्यूब मागून आणा. ती कुठल्याही स्पिरिट लेव्हलपेक्षा लांबचं अंतर नीट दाखवते.

घोडे भरूनच जा. चारा, पाण्याच्या टाक्या, खोगीर, मोतद्दार, जे यात्रेला नेणार ते सगळं गाडीत जिथे ठेवणार तिथे ठेवून. टायरची हवा आधी तपासा, कारण मऊ टायर सूत-दोन सूत खोटं सांगतो.

तीन गोष्टी मोजायच्या. आधी ट्रेलर सोडा, जॉकी व्हील (नाकाखालचं टेकूचं चाक) फिरवून चेसिस पुढून-मागून सारखी करा आणि कप्लरच्या खोबणीच्या आतला माथा जमिनीपासून किती ते बघा. बाहेरचा नाही, आतला, कारण बॉल तिथे टेकतो. मग ट्रेलर जोडून बॉलचा माथा किती खाली बसला ते बघा. कप्लर घातल्यावर बॉल दिसत नाही, म्हणून हिच ज्यात शिरते त्या चौकोनी नळीची, रिसीव्हरची खालची कड जोडण्याआधी आणि नंतर मोजा. जो फरक येईल तेवढाच बॉल बसला. तिसरं, गाडीच्या पुढच्या मडगार्डची उंची जोडण्याआधी आणि नंतर. पुढची बाजू अर्ध्या-पाऊण इंचाहून जास्त वर आली तर स्टेअरिंग हलकं पडलं आहे, आणि तो वेगळा आजार आहे. त्याकडे पुढे येतो.

तुमचे आकडे रिकाम्याचे आहेत. समजा भरल्यावर ट्रेलरचे पाटे अर्धा इंच बसले, तर सपाट असताना कप्लर १९ वरून साडेअठरावर आला. पिकअप मागून दोन इंच बसली, तर बॉल २५ वरून २३ वर. फरक सहाचा नाही, साडेचारचा. नाक अगदी पाण्यासारखं सपाट ठेवण्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवलेलं मला बरं वाटतं, म्हणून पाच इंचांचा ड्रॉप, म्हणजे बॉल तेवढा खाली आणणारी हिच. तुम्ही रिकाम्यावर मोजून सहाचा ड्रॉप घेतला असता तर नाक दीड इंच खाली गेलं असतं आणि घोडे सगळा रस्ता छातीचा दांडा ढकलत राहिले असते. आणि वर्कशॉपवाल्याचे सहा इंची गुटके? त्यांनी ट्रेलर सहा इंच उचलला असता, नाक तेवढंच दीड इंच खाली गेलं असतं, शिवाय घोडे जमिनीपासून सहा इंच आणखी वर. ही उदाहरणं तुमच्या गाडीच्या खऱ्या बसकीवर बदलतील, तेव्हा ड्रॉप विकत घेण्याआधी काट्यावर जाऊन या.

काट्यावर गेलाच आहात तर नाकावरचा दाबही काढून घ्या. सुटा ट्रेलर पूर्ण काट्यावर, जॉकी व्हीलसकट, एक वजन. मग जोडून, गाडी काट्याबाहेर आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, दुसरं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की बॉलवरचा दाब मिळतो. मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो, पण एवढ्या कामाला तेवढं पुरतं. घोडे आत असताना मोतद्दाराला बाहेर येऊ द्या, आणि घोडे शांत झाल्यावरच आकडा घ्या. जमलं तर पुढचा ॲक्सल काट्यावर आणि मागचा बाहेर अशीही एक नोंद घ्या. दोन ॲक्सलमध्ये मोठी तफावत दिसली तर इक्वलायझर अडकलेला आहे किंवा त्याचा बुश गेला आहे, आणि हे गाडी कितीही सपाट केली तरी सुटणार नाही.

ड्रॉप हिच घेताना काय बघायचं? पहिलं, ती विकत घ्या, बनवून घेऊ नका. वेल्डिंग हा माझा धंदा आहे, तरी सांगतो. पाच इंच खाली उतरलेला बॉल मागे-पुढे ओढला गेला की कोपऱ्यातल्या वेल्डवर पिळा बसतो, आणि हा पिळा प्रत्येक खड्ड्याला उलटसुलट होतो. असा वेल्ड एकदम तुटत नाही, आधी केसासारखी चीर पडते, ती रंगाखाली दिसत नाही. चॅनल कापून, दोन पट्ट्या डकवून दिलेले ‘ड्रॉप’ बाजारात दिसतात, ते ऊस वाहणाऱ्याला शोभतील. मागे जिवंत जनावर असेल तर वजनाची क्षमता ठोकलेली, अखंड किंवा कारखान्यातून बनून आलेली हिच घ्या. क्षमता भरलेल्या ट्रेलरच्या वजनापेक्षा बरीच जास्त हवी, आणि कंपनीने त्या ड्रॉपला काही वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. वरखाली होणारी, पिनेवरची हिच मिळाली तर उत्तम. एक घोडा असेल तेव्हा आणि दोन असतील तेव्हा वेगळं भोक वापरता येतं. पिन मात्र पूर्ण जाडीची, बहुतेक दोन इंची रिसीव्हरांना पाच अष्टमांश इंचाची लागते. खिळा, नटबोल्ट, ट्रॅक्टरची लिंक पिन असले जुगाड चालणार नाहीत.

दुसरं म्हणजे बॉलचं माप, आणि इथे घोटाळा फार. आपल्याकडे ५० मिलिमीटरचा बॉलही येतो आणि दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचाही. डोळ्यांना सारखेच दिसतात. ५० चा कप्लर दोन इंची बॉलवर आवळतो आणि नीट लॉक होत नाही. उलट केलं तर खुळखुळतो आणि झिजतो. याहून वाईट म्हणजे पावणेदोन इंचांच्या वरचा, एक पूर्णांक सात अष्टमांशाचा बॉल. त्यावर ५० चा कप्लर बसल्यासारखा वाटतो आणि मोठ्या खड्ड्याला उडून बाहेर येऊ शकतो. बॉलवर आणि कप्लरवर माप कोरलेलं असतं. नसेल तर व्हर्नियर कॅलिपर लावा.

बॉल खाली आला की हिचची खालची बाजूही खाली येते. रिकाम्या गाडीने शेताच्या बांधावरून, नाल्यातून जाताना ती टेकेल, म्हणून ट्रेलर सोडला की हिच काढून गाडीत टाकायची सवय लावा. पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या नडग्याही वाचतील.

सुरक्षेच्या साखळ्या आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) ड्रॉप हिचला बांधू नका. पिन निघाली तर हिच, कप्लर, साखळी सगळं एकदम जाईल. त्या गाडीच्या चेसिसला किंवा रिसीव्हरच्या कड्यांना, ट्रेलरच्या पुढच्या ओढायच्या दांड्याखालून फुलीसारख्या आडव्या घालून. बॉल खाली आल्यावर साखळीची लांबी पुन्हा बघा. वळताना ताणू नये आणि रस्त्याला घासू नये.

आता पुढच्या मडगार्डाचं. जोडल्यावर गाडीचं तोंड वर येत असेल तर दोन शक्यता. नाकावर दाब खरंच जास्त आहे, किंवा मागच्या पाट्यांत दम नाही. दाब जास्त असेल तर गाडीचं सस्पेन्शन कडक करून काही होत नाही, ट्रेलरमधला चारा-पाणी पुढून उचलून ॲक्सलवर ठेवा. घोडे मागे सरकवायचा विचार करू नका, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. दाब बरोबर आणि तरी गाडी बसत असेल तर एक हेल्पर (जादा) पाटा किंवा एअरबॅग, म्हणजे हवेची स्प्रिंग, घालता येते. मग बसकी कमी होईल आणि ड्रॉप जास्त लागेल, म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी गाडीचं सस्पेन्शन ठरवा, मग मोजा, मग ड्रॉप घ्या. उलट केलं की ड्रॉप दोनदा विकत घेतला जातो. आणि एक आगाऊ सल्ला: ती दोन इंचांची लिफ्ट कशासाठी बसवली? शेतात, नदीपात्रात खरोखर गाडी घालत असाल तर असू दे. फक्त दिसायला असेल तर ती काढल्यावर पाच इंचांच्या ड्रॉपऐवजी तीनावर भागेल, आणि ड्रॉप जितका कमी तितका पिळा कमी.

ड्रॉप घेऊनही काही राहिलंच, म्हणजे तुम्हाला हवा तो ड्रॉप मिळत नाही किंवा हिच जमिनीला फार जवळ येते, तर मग ट्रेलर. तुमचे पाटे ॲक्सलच्या खालून गेलेत की वरून, हे आधी वाकून बघा. खालून असतील तर पाट्यांच्या बैठका ॲक्सलच्या वरच्या बाजूला लावून पाटे वर घेता येतात. ट्रेलर ॲक्सलची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी एवढा, साधारण चार-पाच इंच उचलला जातो. हे करताना एक चूक सर्रास होते. ॲक्सल सोडून उलटा फिरवून बसवतात, कारण बैठका मग आपोआप वर येतात. पण बऱ्याच ट्रेलर ॲक्सलना मधोमध किंचित वरच्या दिशेने बाक दिलेला असतो, भार पडला की तो सरळ व्हावा म्हणून. ॲक्सल उलटा केला की बाक खाली, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने काही महिन्यांत साफ. शिवाय ब्रेकची बाजूही उलटते. ॲक्सल जसा आहे तसाच ठेवायचा, नव्या बैठका वरच्या बाजूला वेल्ड करायच्या, ते मोजून, दोन्हींमधलं अंतर आणि काटकोन जुन्याइतकाच ठेवून. दोन ॲक्सल असल्यामुळे हे चार ठिकाणी, आणि एकही सूतभर तिरका गेला तर ट्रेलर रस्त्यावर खेकड्यासारखा आडवा चालतो.

तुमचे पाटे आधीच ॲक्सलवरून असतील, जसे आपल्याकडे ट्रॉलीच्या सवयीने बहुतेक जण बांधतात, तर हा मार्ग बंद. मग गुटका, पण एकाच अखंड लोखंडाचा, दीड-दोन इंचांपर्यंत, मधल्या बोल्टाच्या खोबणीत बसणारा आणि नव्या लांब यू-बोल्टांनी आवळलेला. एकावर एक दोन गुटके ठेवायचे नाहीत. ब्रेक लागला की ॲक्सल पिळला जातो, आणि जेवढा गुटका उंच तेवढा पाट्याला मरोड जास्त. सहा इंचांच्या गुटक्यावर पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकलेला मी पाहिला आहे. टायर मोठे करून उंची मिळवणंही सुचवलं जातं. त्यात मडगार्डमध्ये जागा, टायरची भार-क्षमता आणि ब्रेकवर वाढणारा ताण तिन्ही बघावे लागतात, आणि मिळतं काय तर टायरच्या व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्मं.

उचललेल्या ट्रेलरची किंमत घोडा चढताना मोजतो. फळी तेवढ्याच लांबीची राहते आणि चढ खडा होतो. ज्या घोड्याला चढायची सवय आहे तो चढेल. माळेगावातून नवा घोडा घेऊन येणार असाल, तर संध्याकाळच्या गर्दीत, गाढवं-उंटांच्या कलकलाटात, खड्या फळीवर अनोळखी घोडा चढवून बघा म्हणजे समजेल. ट्रेलर उचललाच तर फळीही लांब करून घ्या आणि तिच्यावरच्या आडव्या पट्ट्या वाढवा.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ओव्हररन ब्रेक असेल, म्हणजे गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतो, तर ट्रेलरचा ओढायचा दांडा सपाट नसला की तो दाब तिरका जातो आणि ब्रेक उशिरा किंवा अर्धवट लागतो. सपाटी केल्यावर ब्रेकचं ॲडजस्टमेंट पुन्हा करून घ्या. आणि ब्रेकच नसतील तर अठराशे किलो घेऊन बीडकडचा मांजरसुंब्याचा घाट उतरू नका, कितीही सपाट असलात तरी. अहमदपूर ते माळेगाव हा रस्ता तसा सरळ आहे, घाट नाही, पण यात्रेच्या दिवसांत गर्दीत सारखं थांबा-चाला करावं लागतं.

कायद्याचंही बघा. ट्रेलर हे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार कलम ५२ मध्ये अडकतो, म्हणून ॲक्सल-पाट्यांचं काम करण्याआधी आणि गाडीला हिच बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरांच्या वाहतुकीसाठी घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे चोवीस चौरस फुटांच्या आसपास. तुमचे कप्पे तेवढे आहेत का ते टेप हातात असतानाच मोजा. प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये घोड्यांच्या गाडीसाठी ताशी ३५ किलोमीटरची वेगमर्यादा आणि सोबत एक माणूस आहे. हायवेवर कुणी ती पाळताना दिसत नाही हे मलाही दिसतं. पण नव्या हिचवर पहिला प्रवास त्याच वेगाने करा.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की एवढी भानगड कशाला, ट्रॅक्टरला लावा, हूक खाली असतो. हूक खाली असतो हे खरं. पण पिन आणि कडीमध्ये बोटभर ढिलाई असते, आणि प्रत्येक क्लचला घोड्याच्या गुडघ्यांना हिसका बसतो. उसाला तो कळत नाही.

पहिला प्रवास पन्नास-साठ किलोमीटरचा, रिकामा नाही, एका शांत घोड्यासह. घरी आल्यावर बॉलचा नट, हिचची पिन आणि, पाट्यांना हात लावला असेल तर सगळे यू-बोल्ट, थंड झाल्यावर पुन्हा आवळा. नव्या यू-बोल्टांचा ताण पहिल्या भारात हमखास उतरतो. चारही टायरांना हात लावून बघा, मागचे पुढच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागले तर अजून नाक वर आहे किंवा इक्वलायझर अडकला आहे. मग पुन्हा काट्यावर.